माझ्या पोटातले चुरमुरे

मी एक जुनी पिशवी आहे.

नको. ही सुरुवात फार निष्पाप वाटते. पुन्हा सांगते. मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे आणि माझ्या पोटात चुरमुरे होते.

हो. आता बरोबर.

माझा जन्म इंग्लंडमधल्या वॉटफर्डचा. ईशिताची जीन्स तोकडी झाली, तेव्हा तिच्या आईने, राजश्रीने, त्या जीन्सच्या पायांपासून मला शिवले आणि वर चेन लावली. माझे काम साधे होते. सफारीच्या जीपच्या कठड्यावर पसरायचे आणि कॅमेऱ्याची लांब, जड लेन्स अंगावर अलगद धरायची. माझ्या जातीच्या पिशव्या रिकाम्या प्रवास करतात. आफ्रिकेत पोचल्यावर लॉजच्या किचनमधून तांदूळ भरून घ्यायचे आणि निघताना परत द्यायचे, अशी रीत आहे.

पण ईशिताच्या बाबांना, सुश्रुतला, मागायची भीड.

"अनोळखी लोकांकडे तांदूळ काय मागायचे? आणि तिथल्या छोट्या विमानात वजनाची लिमिट आहे." म्हणून वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या देशी दुकानात जाऊन त्याने चुरमुरे आणले.

"अरे, फोटो काढायला चाललायस की भेळेची गाडी लावायला?" राजश्री म्हणाली.

"शेवटच्या दिवशी भेळ. हाय काय अन् नाय काय!"

मीही खूश होते. फुगलेली, हलकी, नवी.

यानंतर माझे काम यायला हवे. पण मी आधी कौतुक सांगते. कामाचे लगेच सांगवत नाही.

परत आल्यावर मराठी मंडळाच्या प्रदर्शनात सुश्रुतच्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. गवतात चित्त्याची मादी, मान वळवलेली, नजर थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. मंडळाने खाली नाव लावले, 'वात्सल्य'. अध्यक्षा इरावतीताईंचा फोन आला, "अहो सुश्रुत, ती बोलतेय हो आपल्याशी! रविवारी हॉलमध्ये या फोटोची गोष्ट सांगायची हं तुम्ही." तो "हो हो" म्हणाला. घरात ईशिता मात्र त्या फोटोसमोरून मान खाली घालून जायची. बाबांशी ती जेवणापुरतेच बोलत होती. मी छपराखालच्या लॉफ्टमध्ये, घडी केलेल्या ख्रिसमसच्या झाडाखाली पडले होते.

आता काम.

आफ्रिकेतले ते खासगी अभयारण्य होते. तिथे जीप रस्ता सोडून गवतात शिरते, म्हणून प्राणी अगदी जवळून दिसतात. पहिल्या सकाळी सिंह झोपले होते. लेन्स टेकली की मी 'कर्र' वाजायचे. सिंहांनी कानही हलवला नाही. आमचा गाइड वुसी मात्र मागे वळला.

"दुपारी तांदूळ भरून घ्या. सिंहाला या आवाजाने फरक पडत नाही. दुसऱ्या कोणाला पडेल."

दुपारी सुश्रुत आडवा झाला. सोबत आलेल्या ईशिताने त्याला हलवले.

"बाबा, वुसीने सांगितला ना, राइस भर."

"सांगितलं ना, ईशू. उद्या नक्की."

त्याच संध्याकाळी ती चित्त्याची मादी दिसली. बरगड्या मोजता येत होत्या. झुडपात दोन पिल्ले दबून बसली होती. वुसीने इंजिन बंद केले, ओठांवर बोट ठेवले. ती पोट जमिनीला टेकवून सरकत होती. पुढे हरणे चरत होती, पाठमोरी. अजून थोडे. अजून थोडे. सुश्रुतने लेन्स किंचित वळवली.

कर्र.

हरणांच्या माना वर झाल्या. मग नुसती धूळ. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिले.

खट्. तोच तो फोटो.

पिल्ले बाहेर येऊन आईचे तोंड हुंगू लागली.

"बाबा, आता पिल्लांनी काय खाणार?"

सुश्रुत स्क्रीनवर फोटो पाहत होता.

रविवारी सकाळी लॉफ्टची शिडी वाजली. त्याने मला उचलले, झटकले आणि हॉलमध्ये नेले. टाळ्या झाल्या. त्याने मला फोटोखालच्या टेबलावर ठेवले.

"गोष्ट सांगतो. आधी हे ऐका." त्याने तळहाताने मला दाबले.

कर्र.

पुढच्या रांगेतले कोणीतरी हसले. मग त्याने सगळे सांगितले. वुसीचे, दुपारच्या झोपेचे, हरणांचे. शेवटी 'वात्सल्य'ची पट्टी काढून त्याने खिशात घातली. इरावतीताई हातातले सन्मानचिन्ह पुढे करावे की नाही, अशा उभ्या राहिल्या.

मागून ईशिता म्हणाली, "आणि पिल्लांनी काय खाल्ला, बाबा?"

"माहीत नाही, ईशू. आपण निघून आलो."

घरी आल्यावर तिने माझी चेन उघडली आणि मला बागेत उलटे केले. सुश्रुत तांदळाचा डबा घेऊन शेजारी उभा होता.

मित्रांनो, पिशवीला स्वतःचे पोट स्वतः भरता येत नाही. ते तुम्ही भरता. दुसऱ्याच्या रानात जाताना काय भरले आहे, ते हात लावून, दाबून, कान देऊन बघा. उद्यावर टाकू नका.

माझे चुरमुरे वॉटफर्डच्या कबुतरांनी खाल्ले. एकही दाणा उरला नाही.

पिल्लांचे मला अजून माहीत नाही.