दार वाजलं की लागणारा दिवा

रुखमाबाईंनी सकाळपासून सोळाव्यांदा दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. रस्त्यावरून एक ट्रक तेवढा गेला होता. वाडीतले ट्रक असे, की एक गेला की फळीवरचे डबे आपापसांत जागा बदलून घेतात. दार ठोकलं की भिंतीवरचा दिवा लागावा म्हणून नववीच्या पोरांनी बसवलेलं यंत्र प्रत्येक ट्रकला पाहुणा समजत होतं.

"काहून गा मास्तर, तुमच्या दिव्याले अक्कल नाही का?"

मधुसूदन सर ओशाळले. वस्तीतल्या एखाद्याची अडचण शोधा आणि तिच्यावर तोडगा बनवून द्या, हा प्रकल्प त्यांचाच. अडचणही खरी होती. रुखमाबाईंची धाकटी बहीण अंजनाबाई अकरा वर्षांचा अबोला मोडून कळमेश्वरहून आली, दार बडवून बडवून परत गेली. मधल्या काळात थोरलीचे कान गेले, हे तिला काय ठाऊक? शेजारणीनं सांगेपर्यंत बस सुटलेली. 'ऐकू नाही आलं वं' असा निरोप धाडला, तर उलटा निरोप आला: 'बहाणे पुरे.'

आता ती पुन्हा आलीच, तर दार उघडायला हवं. रुखमाबाईंचं मागणं एवढंच.

दीक्षा वर्गातली सगळ्यात चिवट पोरगी. तिनं यंत्र भिंतीवरून काढून थेट दाराच्या फळीला लावलं, मागे रबराचा तुकडा दिला. चार ट्रक गेले, दिवा गप्प. पोरांनी अशा टाळ्या पिटल्या, की खुद्द रुखमाबाईंनाही ऐकू आल्या म्हणतात.

आठव्या दिवशी त्या शाळेत हजर.

"बिघडला तुमचा दिवा. लागूनच नाही राहिला."

सर आणि दीक्षा त्यांच्यासोबत खोलीवर गेले. दीक्षानं बाहेरून दार ठोकलं. दिवा लख्ख लागला. सरांनी तारा पाहिल्या, स्क्रू आवळले, चांगला सेल काढून नवा घातला. बिघाड असता तर सापडला असता.

रुखमाबाईंना वाचता यावं म्हणून दीक्षानं वहीत मोठ्या अक्षरांत लिहायला घेतलं, 'आजी, दिवा चांगला', आणि तिथंच पेन थांबलं. तिनं सरांकडे पाहिलं. सर पुसलेला पेचकस पुन्हा पुसत होते.

रुखमाबाईंनी वही हळूच मिटली.

"जा वं पोरी, अजून एक डाव वाजव."

दीक्षा बाहेर गेली, दार ओढून घेतलं, ठोकलं. दिवा लागला. रुखमाबाई उठल्या, पदर सारखा केला, दार उघडलं. दीक्षाच्या खांद्यावरून त्यांनी रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या. "लय उशीर केला वं."