नेट गेलं की डाव गेला

टॅबच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीकसं चिन्ह होतं. खाली एक ठिपका आणि त्यावर पंख्यासारख्या उलगडलेल्या तीन कमानी. रूपराव कापसाच्या ढिगापाशी उभे असले की तिन्ही कमानी ठळक दिसत. ते बैलगाडीपर्यंत गेले की वरची कमान फिकी पडे. विहिरीच्या हौदाशी हातपाय धुवायला थांबले की ठिपका तेवढा उरे आणि मधल्या बांधाचा धुरा ओलांडून शेजारच्या बंडूजींच्या वावरात शिरले की सगळंच नाहीसं होई. नवरा वावरात कुठे आहे हे विमलाबाईंना आता मान वर न करताही कळत होतं. त्याचा फोन त्याच्या सदऱ्याच्या खिशात, आणि टॅबचं सगळं नेट त्या फोनच्या हॉटस्पॉटवर.

आत्ता ठिपका होता. पटावर विमलाबाईंचा हत्ती मोकळा होता आणि विहीणबाईंचा राजा कोपऱ्यात कोंडला होता. दोन चालींचं काम. त्यांनी हत्तीवर बोट ठेवलं आणि ठिपका गेला.

धुऱ्यापलीकडे बंडूजी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. रूपराव हात पुढे करून त्यांच्यापाशी पोचलेही होते.

"ऐकलं का," विमलाबाईंनी हाक मारली. "इकडं या जरासे."

"आलो, आलो," रूपराव म्हणाले आणि खाली बसले.

हाक तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते उठून आले. कमानी एकेक करत उजळल्या, पण तोवर पट मिटला होता. त्याजागी एक ओळ होती : 'तुम्ही डाव सोडला. समोरचा खेळाडू विजयी.'

कपाशीच्या जवळच्या ओळीत, म्हणजे तासात, कापूस वेचणारी सरिता हे रोजच पाहत होती. ओटीतला कापूस ढिगावर रिकामा करत ती म्हणाली, "काकू, काकाजीच्या पायात दावं बांधा ना एखादं."

"दाव्यानं काय होते? खुंटा घेऊन जातीन ते खर्रा खाले."

वेचणाऱ्या बाया हसल्या. रूपरावही हसले. हसण्यावर नेण्याची त्यांची हातोटी जुनी होती.

विमलाबाई आणि त्यांच्या विहीणबाई शकुंतलाबाई यांचं बुद्धिबळ विमलाबाईंच्या लेकीच्या, वर्षालीच्या, लग्नात सुरू झालं. हळदीच्या दिवशी दोघी एका खोलीत अडकल्या होत्या. विमलाबाई मुलीकडच्या, म्हणून विहीणबाईंना उशी देत होत्या, पंखा त्यांच्याकडे वळवत होत्या, तीनदा चहाचं विचारून झालं होतं. कपाटावर कुणा पोराचा बुद्धिबळाचा डबा होता. शकुंतलाबाईंनी तो काढला आणि विचारलं, "येते का?" विमलाबाईंना येत होतं. त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, कापडावर चौकोन शिवून. फोटोसाठी बोलावणं आलं तेव्हा तिसरा डाव चालू होता आणि विहीणबाईंचा वजीर नुकताच मेला होता. उठताना शकुंतलाबाई म्हणाल्या, "विहीणबाई, बाकी कुठं काय मानपान कराचा तो करा. पटावर नाई. कबूल?"

"कबूल," विमलाबाई म्हणाल्या होत्या. त्या लग्नात त्यांना मनापासून पटलेलं ते एकच बोलणं असावं.

शकुंतलाबाईंचं पिपरी मेघेला किराण्याचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की त्या गल्ल्यावर बसून फोनवर खेळत. विमलाबाईंना फोनवरचा उंट आणि प्यादं सारखंच दिसे. पुण्याहून मुलाने, रजतने, आपला जुना टॅब दिला आणि सोय झाली. वेचणीच्या दिवसांत त्यांची दुपार वावरातच जाई. ढिगाजवळ कुणीतरी बसावंच लागतं. बकऱ्या येतात, वारा सुटतो, आणि संध्याकाळी प्रत्येकीचा कापूस काट्यावर मोजताना बायांना विमलाबाईच लागत. हातातलं काम थोडं, बसणं फार. बुद्धिबळाला यापेक्षा चांगली जागा नाही, असं त्यांचं मत होतं. अडचण फक्त त्या कमानींची होती.

टॅब आता थकला होता. सकाळी पूर्ण चार्ज केलेला दुपारी मान टाके. रजतने फोनवर सांगितलं, "आई, नवा घेऊन देतो. फक्त सांग, सिमवाला पाहिजे का बिनसिमचा? सिमवाल्यात मोबाइलचं नेट थेट येते, कोनाच्या हॉटस्पॉटची गरज नाई. बिनसिमचा थोडा स्वस्त पडते."

"पाहू," विमलाबाई म्हणाल्या.

विमलाबाईंचं हे 'पाहू' सगळ्या घराच्या ओळखीचं होतं. फ्रीज घेताना, घराला रंग देताना, वर्षालीच्या लग्नाचं सभागृह ठरवताना त्या 'पाहू' म्हणाल्या होत्या आणि मग रूपरावांनी किंवा रजतने आपल्याला हवं ते ठरवलं होतं. वाईट कुणीच ठरवलं नव्हतं. त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. या वेळी मात्र रजत हट्टाला पेटला. "तू सांगशीन तवाच घेईन. मी नाई ठरवत."

मग सगळे सल्ला देऊ लागले. रूपरावांचं म्हणणं, "माह्या फोनातलं नेट रोज उरून राह्यते. वाया जाते बिचारं. दुसरं सिम कशाले? मी काय परदेशात राह्यतो?" वर्षाली म्हणाली, घरीच वाय-फाय लावून घ्या. बंडूजींनी कुणी विचारलं नसताना सांगितलं की टॅबच घेऊ नये, डोळे जातात. विमलाबाई प्रत्येकाला 'पाहू' म्हणाल्या. त्यांना सिमवाला हवा होता हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण मागायचं म्हणजे नवऱ्याचं उरलेलं नेट नको म्हणायचं, आणि मुलाला जास्तीचा खर्च सांगायचा, तोही एका खेळासाठी. इथवर विचार आला की तो थांबे.

त्या हत्तीच्या डावानंतर विहीणबाईंकडून नवा डाव आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विमलाबाईंनी स्वतःहून डाव पाठवला, तो तसाच पडून राहिला. तिसऱ्या दुपारी वर्षालीचा फोन आला, बापाच्या फोनवर. रूपरावांनी तो आणून दिला.

"आई, तू काऊन असं करून राह्यली?"

"काय केलं मी?"

"सासूबाई फुगून बसल्या. म्हणते, तुझी आई जिंकाले आली की डाव सोडून देते. पाच-सहा वेळा झालं म्हणे. त्याइच्या फोनवर लिहून येते ना, समोरच्यानं डाव सोडला म्हणून."

विमलाबाईंनी टॅब बाजूला ठेवला.

"त्याइले वाटते का, त्या मुलाची माय हायेत म्हणून मी मुद्दाम हरतो?"

"तसंच वाटते. म्हणते, पटावर मानपान नाई असं ठरलं होतं, तरी तुझी आई मले दक्षिणा दिल्यावानी डाव देऊन राह्यली. मले नाई पाह्यजे तसले डाव." वर्षालीला हसू येत होतं, पण ती ते दाबत होती. "आई, खरं सांगू का, मले पण तसंच वाटलं. तू लग्नात त्याइच्या ताटात चौथी पोळी वाढली होती, त्या नाई-नाई म्हनत असताना."

ते खरंच होतं. म्हणून तर विमलाबाईंना अधिक लागलं. सगळ्या जगात एक बाई त्यांना बरोबरीची समजून त्यांचा वजीर मारत होती, आणि तिलाच वाटत होतं की समोर खेळणारी नाही, वाढणारी बसली आहे.

त्या दिवशी त्यांनी रूपरावांचा फोन मागून घेतला आणि पिशवीत घालून निंबाच्या फांदीला टांगला. रूपराव मोकळे झाले, खूशही झाले. मग फोन वाजू लागले. जिनिंगवाल्याचा आला. नत्थूजींचा आला, त्यांना गोऱ्हा विकायचा होता आणि त्याचे सगळे गुण विमलाबाईंना ऐकावे लागले. फोनवर बोलणं चालू असलं की टॅबचं नेट थांबे. तसंही समोर कुणी खेळत नव्हतं. पण प्रयोग होऊन गेला आणि उत्तर मिळालं : फोन जवळ ठेवूनही भागणार नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी शकुंतलाबाईंना स्वतः फोन केला.

"विहीणबाई, रविवारी वावरात या. तुरीच्या शेंगा भरल्या हायेत. उकडू."

"पाहते," शकुंतलाबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

"पाहू नका. या."

"येते," शकुंतलाबाई म्हणाल्या.

रविवारी त्या वर्षालीसोबत आल्या. विटांच्या चुलीवर मडकं चढलं होतं, मिठाच्या पाण्यात शेंगा शिजत होत्या, आणि त्यांचा तो हिरवा, किंचित गोडसर वास पऱ्हाटीच्या तासांतून फिरत होता. सरिता आणि बाकीच्या बाया त्या दिवशी वेचणीला नव्हत्या, शेंगांना होत्या. विमलाबाईंनी विहीणबाईंसाठी सतरंजी टाकली होती, पण आज तिच्यावर लोड ठेवला नाही. हे त्यांनी ठरवून केलं होतं.

"बसा. तुमचा फोन काढा," त्या म्हणाल्या.

"अगोदर शेंगा तरी खाऊ द्या."

"शेंगा शिजाले येळ हाय. डाव पाठवता का मी पाठवू?"

शकुंतलाबाईंनी चष्म्यावरून एकवार पाहिलं आणि डाव पाठवला. दोघी समोरासमोर बसून, दोन पडद्यांवर खेळू लागल्या. दहा-बारा चाली झाल्या. मग विमलाबाई टॅब विहीणबाईंकडे वळवत म्हणाल्या, "हे कोपऱ्यातलं चिन्ह पाहा. दिसलं? आता ऐका हो, तुमी जा बंडूजीकडं."

"मी?" चुलीत काड्या सारणारे रूपराव म्हणाले. "शेंगा सोडून?"

"खर्रा खाऊन या."

बायकोने आपणहून खर्ऱ्याला पाठवण्याची ही पहिलीच वेळ. रूपराव संशयानेच उठले. बैलगाडीपाशी वरची कमान फिकी पडली. हौदापाशी ठिपका राहिला. धुरा ओलांडला आणि चिन्ह गेलं. सगळ्या बाया टॅबवर वाकल्या होत्या. थोड्या वेळाने शकुंतलाबाईंच्या फोनवर ती ओळ आली : 'समोरच्या खेळाडूने डाव सोडला. तुम्ही विजयी.'

समोरची खेळाडू त्यांच्यापासून हातभर अंतरावर, मांडी घालून बसली होती.

शकुंतलाबाईंनी फोनकडे पाहिलं, विमलाबाईंकडे पाहिलं, मग धुऱ्यापलीकडे बंडूजींपुढे हात पसरून उभ्या असलेल्या व्याह्यांकडे पाहिलं. आधी त्यांचे खांदे हलले. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

"म्हणजे इतके दिवस मी तुमच्याशी जिंकतच नव्हते," त्या म्हणाल्या. "व्याह्यांच्या चपलांशी जिंकत होते. आन् मी गल्लीभर सांगून ठेवलं, विहीण लय लवते म्हणून."

"आता गल्लीले जाऊन सांगा, लवत नाई म्हणून."

"ते तुमी जिंकून दाखवा, मंग सांगते."

रूपरावांना परत बोलावण्यात आलं आणि हलायचं नाही अशी ताकीद मिळाली. त्यांनी आज्ञाधारकपणे फोन सतरंजीवर ठेवला आणि स्वतः त्याच्याशेजारी बसले. दुसरा डाव सुरू झाला. शेंगा उतरल्या, परातीत ओतल्या गेल्या, एका हाताने सोलून खाता खाता खेळ चालला. शकुंतलाबाईंनी घोडा देऊन वजिराला वाट काढली. विमलाबाईंनी ती चाल बघून परातीतली शेंग तशीच हातात धरली. बराच वेळ. वर्षालीला वाटलं, आई आता काहीतरी कमी खेळणार. सासूबाई घरच्या पाहुण्या, पोरगी त्यांच्या घरात. आईचं बोट प्याद्यावर गेलं, तिथून उठलं आणि हत्तीवर आलं.

"शह," विमलाबाई म्हणाल्या. आणि पुढच्या चालीला, "मात."

शकुंतलाबाई पटाकडे पाहत राहिल्या. राजा इकडे गेला असता तर, तिकडे गेला असता तर, असं त्यांनी बोटाने हवेत करून पाहिलं. मग त्यांनी सोललेल्या शेंगांचे दाणे मूठभर उचलून विहिणीच्या हातावर ठेवले.

"हा खरा डाव झाला. आता दुसरा लावा. मी याचा बदला घेतल्याशिवाय पिपरीले जात नाई."

"जाऊ नका ना मंग. कोन हाकलून राह्यलं?"

"रोज थोडी येणार मी शेंगा खाले. दुकान हाय मले." त्यांनी टॅब उचलून उलटापालटा केला. "हा तर म्हातारा झाला. नवा येणार हाय म्हणे. वर्षाली सांगत होती, घोडं अडलं कुठं तरी. कोणता घेता?"

सगळे एकदम बोलू लागले. वर्षालीने वाय-फायचं पुन्हा काढलं. सरिता म्हणाली, काकाजीलेच सिम टाका. रूपराव म्हणाले, "मी बसतो ना असाच ढिगाजवळ. रोज. खर्रा सोडतो." असं म्हणताना त्यांचं लक्ष धुऱ्याकडे होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "सिमवाला आला तर मले हाका कोन मारन?"

"जेवाले बोलावतो ना," विमलाबाई म्हणाल्या. "तवा नाई का हाका मारत?"

तेवढ्यात रूपरावांचा फोन वाजला. टॅबवरचं नेट थांबलं. पडद्यावर रजतचं नाव होतं. रूपरावांनी सवयीने फोन कानाला लावला. "हो. हाय इथंच. सगळेच हायेत. टॅबचं? ते पाहू, तुझी आई..."

विमलाबाईंनी हात पुढे केला. रूपराव बोलता बोलता थांबले आणि त्यांनी फोन दिला. विमलाबाईंनी तो कानाला लावला नाही, स्पीकरवर टाकला आणि सतरंजीच्या मधोमध धरला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"आई? ठरलं का काई?"

"ठरलं," विमलाबाई म्हणाल्या. "सिमवाला घेजो. वावरात चालनारा. आन् सिम माह्या नावानं काढजो."