कान तुटलेला कप

पडदेवाल्यांच्या घरात माणसं दोनच प्रकारची. मागच्या खोलीत हात रंगलेली आणि पुढच्या खोलीत हात धुतलेली.

हे घर नाटकांचे पडदे रंगवायचं. राजवाडा म्हणा, जंगल म्हणा, तुरुंग म्हणा, आठ दिवसांत भिंतीएवढा उभा करून द्यायचे. आणि काम असं, की बागेचा पडदा टांगला तेव्हा एका भुंग्याने कापडी गुलाबावर डोकं आपटून आपटून जीव दिला. जंगलाच्या पडद्यामागे उभ्या राहिलेल्या प्रॉम्प्टरला आठवडाभर सर्दी. खोटं वाटत असेल तर त्या प्रॉम्प्टरच्या बायकोला विचारा, काढा तिनेच उकळला होता.

हे सगळं कोण रंगवायचं? मागच्या खोलीतली आत्या, आणि गेली सहा वर्षं तिच्याबरोबर ठिपकी. ठिपकी म्हणजे घरातली धाकटी, सतरा वर्षांची. गालावर कुठला ना कुठला रंग उडालेला असायचाच, म्हणून ठिपकी. कान तुटलेल्या एका जुन्या कपात दोघी रंग कालवायच्या.

पडदा वाळला की पुढच्या खोलीतून बाबा यायचे. इस्त्रीचा शर्ट, भांगात तेल. ठिपकीकडून ब्रश घ्यायचे, उजव्या कोपऱ्यात उकिडवे बसायचे आणि झोकात सही ठोकायचे. मग मागे सरकून त्या सहीकडे डोकं तिरकं करून बघायचे. पडद्याकडे नाही हं. सहीकडे.

घरचा नियमच होता तसा. आजोबांनी घालून दिलेला. परक्या घरी जाणाऱ्या हाताला सही नाही.

"मी कुठे गेले परक्या घरी?" आत्या कधी कधी कपातला रंग ढवळत म्हणायची. "साठ वर्षं याच भिंती बघतेय. लग्न का नाही लावून दिलंत, तर म्हणे पडदे कोण रंगवणार? आणि सही का नाही, तर म्हणे लग्न होऊन जाशील!"

ठिपकी हसायची. आत्या हसायची नाही.

त्या दिवशीही असंच सगळं चाललं होतं. आई पोळ्या लाटत होती, ठिपकीने चिंध्यांच्या पेटीच्या तळाशी तीन कॉलेजांची माहितीपत्रकं दडवली होती, आणि युवराज आरशासमोर होता. युवराज म्हणजे ठिपकीचा दादा. हे नाव आत्याने ठेवलेलं, आणि लाडाने ठेवलेलं नव्हे.

जेवताना बाबांनी जाहीर केलं, "युवराजचं कॉलेज ठरलं. माझंच. नाटक आणि चित्र, दोन्ही एका छपराखाली."

ठिपकीचा घास हातातच राहिला. तिच्या तीन माहितीपत्रकांत सगळ्यात वर तेच होतं. तिथे नेपथ्य शिकवतात. नुसता पडदा नाही, अख्खा रंगमंच उभा करायला.

"बाबा, मीही तिथेच..."

"तुला आणखी काय शिकायचंय? येतं की सगळं!" बाबा म्हणाले. "दादाच्या चित्रांचे फोटो पाठवायचेत. दहा चित्रं लागतात. महिनाभरात होतील ना तुझी?"

"माझी?"

"म्हणजे त्याची गं. तू काढ, तो सही करेल."

"त्याला एक सरळ रेघ तरी येते का?"

"रेघ काय, पट्टीने पण मारता येते," युवराज वाटी पुढे करत म्हणाला. "आई, आमटी."

बाबांना यात काही वावगं वाटलं नाही. कसं वाटणार? चाळीस वर्षांपूर्वी त्याच कॉलेजात ते स्वतः असेच गेले होते. आत्याच्या चित्रांवर. शेवटच्या वर्षी त्यांनी कॉलेजला दरबाराचा पडदा भेट दिला, तोही आत्याने रंगवलेला. कॉलेजच्या रंगमंदिरात तो अजून टांगलेला होता, आणि पदविका घरी पुढच्या खोलीत, काचेच्या चौकटीत. ती काच आत्याच दर आठवड्याला पुसायची.

ठिपकी मागच्या खोलीत जाऊन ब्रश मोडायला निघाली.

"मोडू नकोस," आत्या म्हणाली. "काढ. दहाच्या दहा काढ. अशी काढ की बघणाऱ्याची पापणी लवू नये."

"त्या ढोल्यासाठी?"

"आणि आपला कप विसरू नकोस."

हे गुपित फक्त दोघींचं. प्रत्येक पडद्यात, प्रत्येक चित्रात कुठेतरी तो कान तुटलेला कप असायचा. जंगलात ढोलीत, तुरुंगात गजाआड, राणीच्या महालात पलंगाखाली. आत्याने सोळाव्या वर्षी रागाने सुरू केलं होतं. पकडले गेले तर जाऊ दे, म्हणून. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत घरातल्या एकाही पुरुषाने पकडलं नाही. पकडायला चित्र बघावं लागतं.

ठिपकीने महिनाभर दात ओठ खाऊन चित्रं काढली. युवराजने एका दुपारी सह्या केल्या आणि हात दुखला म्हणून झोपला. पण सह्या व्हायच्या आधीच आई दहाही चित्रं चादरीत गुंडाळून स्टुडिओत घेऊन गेली होती, आणि प्रत्येकाचे तीन-तीन फोटो काढून आली होती. एक अर्ज बाबांनी पाठवला, सह्या झालेल्या चित्रांचे फोटो लावून. दुसरा आत्याने आईच्या फोटोंवर भरला, ठिपकीच्या नावाने, आणि उरलेल्या दोन कॉलेजांचेही. पालकाच्या सहीची जागा रिकामी होती. आईने पदराला हात पुसले आणि पेन मागितलं.

"कुठे करू गं? इथे? आणि खाली रेघ मारतात ना, यांच्यासारखी?"

तिने रेघ मारली. दोनदा मारली.

कॉलेजात नेपथ्य शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावर तीच दहा चित्रं दोन नावांनी येऊन पडली. त्यांनी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं.

मुलाखतीच्या खोलीत बाबा नवा शर्ट घालून, युवराजला घेऊन आले आणि दारातच थबकले. आत ठिपकी बसलेली, शेजारी आत्या, मांडीवर पिशवी.

"तू इथे काय करतेस?"

"तुझं कॉलेज बघायला आले," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, तू काही दाखवलं नाहीस."

बाईंचे केस पांढरे, नजर सुईसारखी. त्यांनी चित्रं टेबलावर पालथी घातली आणि युवराजला विचारलं, "सगळ्या चित्रांत एक वस्तू आहे. कोणती?"

युवराज वर बघून आठवू लागला. "रंग?"

"कप," बाई म्हणाल्या. "कशासाठी काढलात?"

"कसला कप?"

त्यांनी मान वळवली. ठिपकी चित्रांकडे न बघता बोलू लागली. "पहिल्यात जिन्याखाली, दुसऱ्यात विहिरीच्या काठावर, तिसऱ्यात वकिलाच्या टोपीमागे, चौथ्यात..." दहाव्यापर्यंत आली तेव्हा युवराज स्वतःच चित्रं उलटून शोधत होता, आणि त्याला सापडत नव्हते.

"मुलांच्या गमती आहेत हो," बाबा घाम पुसत म्हणाले.

"असतील. पण आमच्या रंगमंदिरातल्या तुमच्या पडद्यावर, सिंहासनाच्या पायाशी, हाच कप आहे. वीस वर्षं मी मुलांना शिकवते की चित्रकाराला यातून सत्तेचा पोकळपणा दाखवायचाय. बरं झालं भेटलात. तुम्हाला काय दाखवायचं होतं?"

बाबांच्या तोंडून कसंबसं निघालं, "ते... राजाला चहा..."

आत्याने पिशवीत हात घातला आणि कप टेबलावर ठेवला. थेट पदविकावाल्यासमोर. आत चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे थर, हिरव्यावर लाल, लालवर काळा.

"राजाला चहा नाही," ती म्हणाली. "राजाने माझा हात खाल्ला, ते दाखवायचं होतं."

युवराज बाहेर गेला तो कोणी जा म्हणायच्या आधी. बाई ठिपकीला म्हणाल्या, "जागा तुझी. फी भरून टाक."

ठिपकी उठली नाही. "मी अजून ठरवलेलं नाही. आणखी दोन कॉलेजांनी बोलावलंय."

बाबांनी डोळे वटारले. हिला वेड लागलं का?

"इथे यायचंय मला. आत्तापर्यंत तेवढं एकच मागितलंय. पण त्या दरबारावर खोटी सही असेपर्यंत मी त्याखाली बसून शिकणार नाही. ती पुसा. ज्याने केली त्यानेच पुसायची. आजच."

बाईंनी क्षणभर कपाकडे पाहिलं. मग शिपायाला शिडी आणायला सांगितली.

सही खाली उजव्या कोपऱ्यात, हाताच्या टप्प्यात होती, शिडीची गरज नव्हती. पण बाई म्हणाल्या, "आणाच. नवी सही वर, मधोमध होणार आहे." दुपारच्या सुट्टीत सगळी पोरं रंगमंदिरात जमली. बाबांनी इस्त्रीच्या बाहीवर ओल्या फडक्याचे ओघळ घेत स्वतःचं नाव घासलं. चाळीस वर्षांचा रंग लवकर निघेना. कोणी मदत केली नाही. ठिपकीने तर पुढच्या रांगेत खुर्ची ओढली आणि सगळं संपेपर्यंत बघत बसली.

मग आत्या शिडी चढली. खाली बाबा.

"घट्ट धर," ती वरून म्हणाली. "हलवलीस तर सही वाकडी येईल, आणि मग पुन्हा करावी लागेल. मला वेळच वेळ आहे."

तिने तीनदा केली.

ठिपकी आता त्याच कॉलेजात शिकते. पडदेवाल्यांच्या घरी पुढच्या खोलीतल्या भिंतीवर एक चौकोनी पांढरा डाग आहे. चौकट मागच्या खोलीत गेली. कप ठिपकीने बरोबर नेला, तेव्हा आत्याला रंग कालवायला काहीतरी हवंच होतं. पदविकेची काच चांगली सपाट आहे. रोज सकाळी आत्या तिच्यावर आधी काळा ओतते, बरोबर नावावर, आणि बाबा दारातून बघतात.

तुमच्याही घरात भिंतीवर काहीबाही टांगलेलं असेल. जरा जवळ जाऊन बघा. कोपऱ्यातली सही नका बघू, चित्र बघा. आणि आत कुठे कान तुटलेला कप दिसला, तर शिडी आणून ठेवा.