बुरुलअपांच्या शेगडीवरची डबी

मी मूळची साबणाची डबी. बिश्केक शहराच्या कडेला, धुराने काळवंडलेल्या वस्तीत एल्दियारने माझ्या पोटात चार तारा, वायू हुंगणारी एक चकती, एक भोंगा आणि दोन सेल बसवले, तेव्हा मला वाचा फुटली. आदल्या हिवाळ्यात शेजारचे जोडपे अंथरुणातच गेले होते. कोळशाच्या त्या विषारी वायूला ना रंग, ना वास. मला मात्र तो कळतो.

एल्दियारचे तंत्रविद्यापीठातले शिक्षण नुकतेच संपले होते. त्याची आई, बुरुलअपा, निखारे लाल असतानाच धुराड्याची झडप लावून घेत. ऊब घरातच राहावी म्हणून येथे सारेच तसे करतात. पहिल्याच संध्याकाळी मी किंचाळले.

"गप्प कर तुझ्या या कैदाशिणीला!" अपा कानांवर हात ठेवून म्हणाल्या. "सासूसुद्धा एवढी ओरडली नव्हती माझ्यावर."

"अपा, आधी झडप उघड. मग बसेल ती गप्प."

त्या डिसेंबरात आम्हा दोघींचे रोज असे भांडण होई, आणि रोज मीच जिंके.

त्याची सहाध्यायी बेगिमाय मला तळहातावर घेऊन म्हणाली, "अशा शंभर करू. आपलीच कंपनी काढू. वर्षभर हाल होतील, पण वस्तीत घरोघरी लागतील."

त्याच आठवड्यात सीमेपलीकडच्या अल्माटी शहरातल्या एका बड्या कंपनीचे नेमणूकपत्र आले. एल्दियार दहा दिवस एका हाताशी ते पत्र आणि दुसऱ्या हाताशी मला ठेवून चहा निववत बसे.

"साबणाच्या डब्या विकणाऱ्याला मुलगी कोण देईल रे?" अपा म्हणाल्या. "हसू नकोस गं पोरी. तुझी आईसुद्धा हेच म्हणेल."

"कधीच म्हणून झालंय तिचं, अपा," बेगिमाय उत्तरली.

एल्दियार अल्माटीला गेला. निघताना मला शेगडीवरच्या खिळ्याला नीट टांगून म्हणाला, "मार्चात नूरुझच्या सणाला येतो. नवे सेल घालतो."

सेल उतरू लागले, की मी दर मिनिटाला बारीक चिवचिवते. ही शिस्त मला त्यानेच लावली होती. तिचा अर्थ अपांना सांगायचा मात्र राहून गेला. फेब्रुवारीत अपांनी फोन केला.

"तुझी ही पोर सारखी किरकिरतेय रे."

"अपा, मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलतो."

तो नंतर बोलला नाही. अपांनी मला रुमालात गुंडाळून गोधड्यांच्या चळतीत खोल खुपसले. तेथेच माझा आवाज संपला.

पंधरवड्याने गोधड्या भराभर उपसल्या गेल्या. अंगणात तंबू उभारला होता आणि अपांच्या शोकाला आलेल्यांसाठी अंथरायचे होते. मी घरंगळून एल्दियारच्या पायांशी पडले. आत शिरण्यासाठी शेजाऱ्यांनी मोडलेले दार भिंतीला टेकवलेले होते. त्याने रेडिओचे सेल काढून माझ्यात घातले आणि मला शेगडीपुढे धरले. शेगडी थंड होती, हवा निर्मळ होती. मला सांगण्यासारखे काहीच नव्हते.

"ती मला दे," बेगिमाय हात पुढे करून म्हणाली. "तिच्यावरून दुसऱ्या करता येतील."

त्याने दिली नाही.

आता मी अल्माटीत, सातव्या मजल्यावरच्या त्याच्या भिंतीवर असते. येथे कोळसा नाही; नळांतून गरम पाणी खेळते. दर रविवारी तो न चुकता माझे सेल बदलतो, बटण दाबतो आणि मी किंचाळत असेतो तसाच उभा राहतो.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत असाल, तर एवढे सांगा, की मला बेगिमायकडे पाठव. माझ्यासारखी दुसरी अजून घडलेली नाही, आणि त्या वस्तीत आज संध्याकाळीही झडपा लागतील.