प्राजक्ताचा ओव्हरटाइम

दिवेलागणीला बबनराव पायात चपला सरकवायचे. थेरगावातल्या त्यांच्या घरापासून डांगे चौक हाकेच्या अंतरावर. म्हणायचे, "प्राजक्ताची बस आली असंल. घिऊन येतो."

प्राजक्ता त्यांची एकुलती लेक, चाकणच्या कंपनीत नोकरीला होती. भाद्रपदात डेंग्यूचं निमित्त झालं आणि ती गेली. बबनरावांचं विसरणं त्याच्या आधीचं. जुनं सगळं लख्ख आठवे, कालचं मात्र पुसलेलं. त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, सुरुवातीला खरं सांगून पाहिलं. दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा तो माणूस कोसळायचा. मग त्या म्हणू लागल्या, "तिला ओव्हरटाइम हाय." आणि मोरीत नळ सोडून रडून घेऊ लागल्या.

निगडीच्या डॉक्टर स्वरूपांनी बबनरावांची झोप तपासली. पडद्यावरच्या रेघा दाखवत त्या म्हणाल्या, "गाढ झोपेत मेंदूत मोठ्या, संथ लाटा उठतात. लाटेच्या माथ्यावर बारीक, वेगवान लहरी वेळेवर येऊन बसल्या, तर दिवसभरातलं मनात मुरतं. यांच्या लहरी लाट ओसरल्यावर येतात."

"मग इलाज?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"लाटेची वेळ साधून झोपेत कानाशी हलका आवाज सोडायचा. त्यानं लाट आणि लहर जुळू शकतात. प्रयोगच आहे, खात्री देत नाही. पण घरात यांना खोटं सांगू नका, नाहीतर तेच मुरेल."

आठवण टिकलीच, तर कोणती टिकेल, ते सुभद्राबाईंना कळत होतं. नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच बबनराव बोलले.

"करा. हिचं डोळं बघा कसं सुजल्यात. घरात कायतरी झालंय आन मला ठावं न्हाई. माझं दुःख मला कळाया पायजे."

त्या दिवसापासून बबनराव तो आवाज सोडणारा पट्टा कपाळाला बांधून झोपू लागले. रोज संध्याकाळी सुभद्राबाई काळजावर दगड ठेवून खरं सांगायच्या आणि त्यांना सावरत बसायच्या.

मार्गशीर्षात एकदा दिवे लागले तरी बबनराव उठले नाहीत. सुभद्राबाईंच्या तोंडून निघून गेलं, "जायाचं न्हाई?"

"कुठं जाऊ? पोरगी न्हाई ना आता."

त्याच शब्दांची वाट पाहिली होती त्यांनी. त्या नवऱ्याशेजारी टेकल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना रडायला सोबत मिळाली.

तेवढंच टिकलं. लेक गेली हे बबनराव पुन्हा विसरले नाहीत. ती कशी गेली, ते मात्र कधीच मुरलं नाही.

"शेवटाला मी व्हतो का गं तिच्यापाशी?" जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा.

"व्हता की. तुमच्याच हातनं पाणी प्याली ती."

"आन काय म्हनली?"

सुभद्राबाई ताट बाजूला सारायच्या, त्यांचा हात हातात घ्यायच्या आणि पहिल्यापासून सांगू लागायच्या.