मोकळा हात

"आई, सोड ना गं! अकराला पोचायचंय मला."

आईने माझं मनगट आणखीच आवळलं. माझं नाव ती विसरली, मी कोण तेही विसरली. पकड तेवढी लक्षात आहे. पर्स खांद्याला, चपला पायात आणि मी पलंगाला जखडलेली.

मी डबिंग करते. परभाषेतल्या सिनेमांतल्या बायका माझ्या तोंडून मराठी बोलतात. आयुष्यभर नर्सा आणि किंचाळत मरणाऱ्या बायकाच वाट्याला आल्या. मग गेल्या वर्षी नशीब फळफळलं. अंतराळावरच्या एका सिनेमात म्हाताऱ्या गुरुमाईचा आवाज मला मिळाला आणि सिनेमा तुफान चालला. त्यातला वैमानिक वेलींच्या जाळ्यात अडकतो. तो हिसके देतो तसं जाळं आवळत जातं. तेव्हा गुरुमाई म्हणते, "ओढू नकोस, बाळा. मूठ सैल कर. पाणी कधी हिसके देतं का?"

"ही ताओची शिकवण, ताई," डायरेक्टर समजावायचे. "जुन्या चिनी ऋषींची. न करता करणं. आपण जोर सोडला की गोष्टी आपसूक होतात."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "माझा धाकटा भाऊ जन्मापासून हेच करतो. तो काही करत नाही आणि आईचं सगळं आपसूक होतं."

ते पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

आज दुसऱ्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. मी पोचले नाही तर गुरुमाईला दुसरा आवाज घेणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. नेमका आईला सांभाळणाऱ्या बाईंना ताप आला. धाकट्याला फोन केला तर म्हणतो, "मीटिंग आहे गं. आणि एका सिनेमाचं काय एवढं? जाऊ दे ना."

जाऊ दे! ही शिकवण चीनहून मागवायची गरजच नव्हती. आमच्या घरात ती पोत्याने पडली होती, आणि सगळी माझ्या नावावर. असा संताप झाला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

शेवटी शेजारच्या काकू दोन तास बसायला आल्या. आता अडलं होतं ते फक्त या हातापाशी. मी हिसका दिला. आई कळवळली, पण सोडेना. काय सुचलं कोण जाणे, मी घसा खाली नेला आणि गुरुमाई झाले.

"ओढू नकोस, बाळा. मूठ सैल कर."

आईची बोटं एकेक करून उघडली. मनगटावर तांबडे वळ उठले होते.

"जा, पळ आता!" काकू कुजबुजल्या.

मी उठले. तशी आई माझ्याकडे बघून किती दिवसांनी हसली. "बरं झालं आलात," ती म्हणाली. "इथे एक मुलगी असते. सारखी घाईत. बिचारीला कुठेतरी जायचं असतं. तिला जाऊ द्या. तुम्ही मात्र थांबा हं."

पर्समध्ये फोन वाजायला लागला. स्टुडिओचाच असणार. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी तो वाजू दिला, चपला काढल्या आणि पलंगावर बसून त्याच आवाजात विचारलं, "चहा घेणार का, आई?"

"इश्श, आई काय म्हणता!" आई लाजली. "तुम्ही माझ्याहून केवढ्या मोठ्या."