डोराबाईची पाठ

"ही बगा! अवो, ही मीच! ही पाठ माझी!"

संगमनेरच्या थिएटरात मनकर्णा खुर्चीवरून अर्धी उठली. पडद्यावर डोक्यावर हंडा-कळशी घेतलेली एक बाई पाठमोरी धरणाच्या पाण्याकडे उतरत होती. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, खाली बसा." ती बसली, पण बोलणं काही थांबेना. "बगितलं का? लुगडं अंगभर हाय का न्हाई?"

"व्हय, दिसतंय," शेजारी बसलेला तिचा नवरा गोरक्ष म्हणाला. दीड वर्षात तो तिच्याशी इतक्या मऊपणे बोलला नव्हता. मनकर्णाचा जीव भांड्यात पडला. माहेराहून, राजूरहून, ती कपड्यांचं गाठोडं बांधूनच आली होती. सिनेमा संपला की थेट शेंडीला, सासरी जायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

दोन वर्षांपूर्वी इटलीची माणसं भंडारदऱ्याला सिनेमा काढायला आली. त्यांची नटी डोरा मात्र अमेरिकेची. तिच्या अंगाला सावळा रंग फासला, काळ्या केसांचा टोप घातला, लुगडं नेसवलं. पण डोक्यावर हंडा काही ठरेना. मग काठावर पाणी भरणाऱ्या मनकर्णाला तसंच लुगडं देऊन तीन दिवस उतारावरून चालवलं. दुपारी दोघी आंब्याखाली बसत. पुण्याचा दुभाषी सांगायचा, डोराला तिच्या मुलखात कुणी काम देईना म्हणून ती दहा वर्षं इटलीत पडून आहे. तिकडे तिची बोली चालत नाही. ती नुसते ओठ हलवते, पडद्यावर बोलते दुसरीच.

"मग हिचं सोताचं काय ऱ्हातं?" मनकर्णानं विचारलं होतं.

डोरा हसली आणि बोटानं आपला चेहरा दाखवून काहीतरी म्हणाली. "म्हणते, एवढंच," दुभाष्यानं सांगितलं, "आणि तेही आता उतरणीला लागलंय."

लोकांच्या जिभेला हाड नसतं. गोऱ्यांच्या सिनेमात काम केलं म्हणजे अंगावरचं उतरवलंच असणार, असं शेंडीत ज्यानं त्यानं ठरवून टाकलं. सासू चांगुणाबाईनं तिला उंबऱ्याबाहेर काढलं. मनकर्णा एकच सांगत राहिली, सिनेमा येऊ द्या, डोळ्यांनी बघा. बिचारीला आपल्या खरेपणाचा भारी भरवसा!

पडद्यावरची बाई पाण्याशी पोचली. हंडा-कळशी खाली ठेवून ती पाठमोरीच उभी राहिली आणि तिनं पदर सोडला. मग चोळीही काढली. उघडी पाठ एवढ्या थोरल्या पडद्यावर पसरली तशा शिट्ट्या सुरू झाल्या. बाईनं मान वळवली. चेहरा डोराचा होता.

"ही मी न्हाई," मनकर्णा म्हणाली. "मी निस्ती हंडा घिऊन चालले."

"आत्ता तूच म्हनलीस, पाठ माझी."

"ती आदीची! ही तिची हाय. तोंड बगा की!"

"तोंड तिचंच," गोरक्ष म्हणाला. "तोंडापुरतीच तिला आनली हुती. पाठीला तू हुतीस."

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून मनकर्णाकडे पाहिलं, मग हसून पुन्हा पडद्याकडे. कोण, काय, ते तिनंच तर मघाशी सगळ्या थिएटरला ओरडून सांगितलं होतं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तिला डोराचा मनस्वी संताप आला. पाठ डोराची, आणि जाब मनकर्णानं द्यायचा. पडद्यावर डोरा कुणा परक्या बाईच्या आवाजात रडायला लागली, तेव्हा मनकर्णाला तिची जरासुद्धा कीव आली नाही.

सिनेमा अर्धा टाकून गोरक्ष उठला. ती त्याच्या मागोमाग स्टँडवर आली. शेंडीची एस.टी. लागलेलीच होती. तो खिडकीशी बसला, ती शेजारी. गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली.

कंडक्टर आला.

"शेंडी," गोरक्ष बाहेर बघत म्हणाला. "एक."

कंडक्टरनं मनकर्णाकडे पाहिलं. "आन् तुमी, ताई?"

तिनं कनवटीचे पैसे काढून त्याच्यापुढं धरले.

"राजूर," ती म्हणाली.